लातूरहून शनिवार-रविवार समुद्रकाठी : आईला घेऊन कोणत्या गावी जावे?

मांजराकाठ (लातूर) :

नमस्कार. मी लातूरला एका बँकेत नोकरी करते. दुसरा शनिवार आणि त्याला जोडून येणारा रविवार एवढीच सुट्टी माझ्या हाती असते, आणि मार्च जवळ आला की तिचाही भरवसा राहत नाही. म्हणून जानेवारीतच आईला समुद्र दाखवून आणावा असे मनात आहे. आई 67 वर्षांची आहे, माळकरी आहे, आणि तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही. नाथषष्ठीला पैठणला गेली की ती नाथसागराच्या काठावर बराच वेळ बसून राहते. परवा तिने मला विचारले, "समुद्राचा पलीकडचा काठ खरंच दिसत नाही का गं?" तेव्हापासून मला हे पुढे ढकलवत नाही.

प्रेक्षणीय स्थळांची यादी मला नको आहे. 2016 च्या उन्हाळ्यात आपल्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या दिवसांत आई रात्री-अपरात्री उठून भरलेल्या घागरी मोजत असे. तिला दोन दिवस नुसते पाण्यासमोर बसता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे सलग दहा-बारा तास मोटारीत बसणे तिला जमणार नाही, आणि जेवण शाकाहारीच हवे. लातूरहून दोन दिवसांत हे शक्य आहे का, आणि कोणते गाव निवडावे?

बालाघाट (अंबाजोगाई) :

शक्य आहे, पण रस्त्याने नव्हे. लातूरहून सोलापूर, सांगली, कोल्हापूर करत आंबा घाटाने रत्नागिरी गाठायची म्हटली तर सुमारे 500 किलोमीटर होतात, म्हणजे शनिवार संपूर्ण रस्त्यातच जातो. त्याऐवजी शुक्रवारी रात्री लातूरहून मुंबईची गाडी धरावी. काही दिवस ती बीदरहून सुटून येते, एवढे लक्षात ठेवून आरक्षण लवकर करावे आणि आईंसाठी खालचा बर्थ मागावा. झोपेत प्रवास होतो आणि सकाळी आपण मुंबईत असतो. तिथून बोटीने तासाभरात मांडवा, आणि मांडव्याहून वीसेक किलोमीटरवर अलिबाग.

बोटीबद्दल मात्र अनुभवाने सांगतो. मी वडिलांना घेऊन गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून बोटीत चढलो. पाण्यावर बोट खालीवर होत असते आणि दगडी पायरी जागच्या जागी असते. दोन्ही एका पातळीवर येतात त्या क्षणी पाऊल टाकावे लागते. दोन खलाशांनी वडिलांना दंडाला धरून अलगद आत घेतले, तरी माझ्या हातापायांतले बळ गेले होते. येताना आम्ही भाऊच्या धक्क्यावर येणाऱ्या रो-रो बोटीने आलो. तिच्यात मोटारी चढतात, त्यामुळे चढण्याची वाट रुंद आणि जवळजवळ सपाट असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने जाताना-येताना हीच बोट धरावी.

मुक्काम अलिबाग शहरात न करता जवळच्या नागाव किंवा आक्षी येथे, नारळ-पोफळीच्या वाडीतल्या एखाद्या घरगुती निवासात करावा, कारण शनिवार-रविवारी अलिबागच्या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची फार गर्दी असते. आक्षीचे नाव घेण्यामागे माझा थोडा स्वार्थही आहे. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, शके 934 म्हणजे इ. स. 1012 चा, याच गावचा आहे. आणि आद्यकवी मुकुंदराजांच्या गावात राहणाऱ्या माणसाला तो पाहिल्याशिवाय तिथून हलवत नाही.

गोदातीर (नांदेड) :

वरील प्रतिसादातील मार्ग चांगला आहे. माझी विनंती एवढीच की शक्य असल्यास सोमवारची रजा घ्यावी. गेल्या वर्षी आम्ही स्वतःच्या गाडीने निघून दोन दिवसांत चिपळूण, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि गणपतीपुळे एवढे सर्व केले. कुंभार्ली घाटात मुलांना उलट्या झाल्या, आणि हेदवीची बामणघळ, जिथे भरतीचे पाणी खडकाच्या चिरेत शिरून उंच उसळते, तिथे आम्ही नेमके ओहोटीच्या वेळी पोहोचलो. गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेऊन मागच्या सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा पत्नी म्हणाली की आता इथून कुठेही जायला नको. मी तिचे ऐकले नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. त्यामुळे अलिबागला जा किंवा आणखी कुठे, पण एकच गाव धरा आणि तिथेच बसा.

रेवदंड्याची माहेरवाशीण (लातूर) :

ताई, माझे माहेर नागावपासून जवळच, रेवदंड्याला आहे, आणि लग्नानंतर गेली 22 वर्षे मी लातूरला आहे. आपला प्रश्न वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते आहे.

समुद्रकाठच्या गावात दिवसाची आखणी घड्याळापेक्षा भरती-ओहोटी पाहून करावी. आमच्याकडे जुनी माणसे तिथीवरून भरती सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. एकादशीला हीच भरती सव्वाआठला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तितकेच लांब मागे जाते. आपल्या आई माळकरी आहेत, म्हणजे तिथी त्यांना तोंडपाठ असणार. मोबाइल न उघडता त्यांना समुद्राची वेळ कळेल. गुडघे दुखत असतील तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट पुळणीवरून अनवाणी चालवावे; कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो.

पाण्यात मात्र घोट्याच्या वर जाऊ नये, आणि स्थानिक माणसाने "नको" म्हटले तर वाद घालू नये. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू ओढत नेते, हे समुद्राची सवय नसलेल्यांना कळत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हते.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि पूर्ण ओहोटीला त्याच्यापर्यंत पायी जाता येते, पण वाट खडकाळ आहे, त्यामुळे आईंना नेऊ नये. तो काठावरून दाखवावा आणि चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, एवढे आवर्जून सांगावे. लातूरच्या माणसाला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

जेवणाची काळजी करू नये. खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले की वालाचे बिरडे, आमटी-भात, सोलकढी असे स्वच्छ शाकाहारी ताट मिळते. जानेवारीत पोपटीचे दिवस असतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, ओवा आणि खडे मीठ घालून वालाच्या शेंगा भरतात, मडके शेतात पालथे ठेवून भोवती जाळ करतात, आणि फोडल्याबरोबर त्या पाल्याचा जो वास सुटतो तो मला लातूरला थंडी पडली की अजूनही आठवतो. पुष्कळ ठिकाणी त्यात अंडी किंवा कोंबडी घालतात, म्हणून शाकाहारी पोपटीसाठी वेगळे मडके लावायला आधीच सांगावे.

मांजराकाठ (लातूर) :

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारची रजा मंजूर झाली आहे, रात्रीच्या गाडीचा खालचा बर्थ मिळाला आहे आणि नागावला एका वाडीत दोन रात्रींची खोली घेतली आहे. गोदातीर यांचे ऐकून बाकी काहीही ठरवलेले नाही.

काल माहेरवाशीण ताईंचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही पोहोचू त्या शनिवारी त्रयोदशी आहे. आईने डोळे मिटून बोटांची पेरे मोजली आणि म्हणाली, "सकाळी पावणेदहाला भरती, चारला ओहोटी. म्हणजे जेवून थोडं पडायचं, आणि मग जायचं."