वितळलेल्या तांब्याचं तापमान दुरून मोजायचंय, तीन पायरोमीटर तीन आकडे दाखवतात. कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी,

ग्रॅफाइटच्या मुशीत शुद्ध तांबं वितळवून ओतकाम करतो. ओतताना रस ११५० ते १२०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवा. थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा सेन्सर) रसात बुडवला की त्याची नळी लवकर खराब होते, म्हणून प्रारणावरून मोजायचं ठरवलं. हाताशी ८ ते १४ मायक्रॉनची इन्फ्रारेड गन आहे, दोन तरंगलांब्यांवरच्या प्रारणाच्या गुणोत्तरावरून तापमान काढणारा रेशो पायरोमीटर आहे आणि जुना ऑप्टिकल पायरोमीटरही आहे. त्यात दिव्याची तार रसाच्या लाल उजेडात दिसेनाशी होईपर्यंत करंट वाढवायचा.

मळी (रसावर तरंगणारा ऑक्साइडचा, कचऱ्याचा थर) वर असताना तिघांचे आकडे बऱ्यापैकी जवळ असतात. मळी बाजूला सारून लख्ख रस उघडा पडला की गनचा आकडा शेकडो अंशांनी कोसळतो. ऑप्टिकलचाही उतरतो, पण तेवढा नाही. रेशोचा थोडाच हलतो. मळीचा एखादा तुकडा तरंगत समोर आला की सगळे पुन्हा वर. रस तोच, भट्टी तीच!

गनवर इमिसिव्हिटी (त्याच तापमानाच्या आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण सोडतो, तो आकडा) ०.९५ ठेवली आहे. ती कमी करत आकडा जुळवून घ्यावा का? रेशो कमी हलतो म्हणजे तोच खरा मानायचा का? आणि झाकणाला काच बसवून आतलं मोजता येईल का? ओतकामाचं सगळं यावर अवलंबून आहे, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
या कामासाठी गन बाजूलाच ठेवा. चकचकीत तांब्याची इमिसिव्हिटी मुळात फार कमी, आणि मळीच्या पातळ थरानेसुद्धा ती कितीतरी पट वाढते. त्यामुळे जुळवलेला आकडा पुढच्या क्षणी निरुपयोगी. शिवाय लांब तरंगलांबीला ही चूक जास्त महागात पडते. तांब्याच्या वितळणबिंदूजवळ इमिसिव्हिटी १० टक्क्यांनी चुकली तर ०.६५ मायक्रॉनच्या लाल प्रकाशात जेमतेम ८ अंशांचा फरक पडतो, १० मायक्रॉनला ८० च्या वर. साधी काच ८ ते १४ मायक्रॉनचं प्रारण आरपार जाऊच देत नाही, गन काचेचंच तापमान सांगेल. ऑप्टिकलला काच चालेल, पण काचेत अडणाऱ्या उजेडाचा हिशेब धरावा लागेल.

प्रतिसाद:
रेशोवर डोळे मिटून विश्वास नको. दोन्ही तरंगलांब्यांना इमिसिव्हिटी सारखी आहे, हे तो गृहीत धरतो. धूर किंवा धुळीने दोन्ही सिग्नल सारखेच कमी झाले तर त्याला फरक पडत नाही, ही त्याची खरी ताकद. पण लख्ख धातूची इमिसिव्हिटी तरंगलांबीप्रमाणे बदलते. समजा जोडी ०.९ आणि १.०५ मायक्रॉनची आहे, तर दोन्हींत नुसत्या १ टक्क्याच्या तफावतीने ८ अंश इकडेतिकडे होतात.

माझ्या मते पृष्ठभागाकडे बघणंच सोडा. एका टोकाला बंद असलेली ग्रॅफाइटची नळी रसात बुडवा आणि उघड्या तोंडातून तिच्या तळावर नेम धरा. आत शिरलेलं प्रारण भिंतींवर आपटत जवळजवळ सगळं शोषलं जातं, म्हणून ती पोकळी इमिसिव्हिटी १ च्या अगदी जवळ असल्यासारखी वागते. मग मळी असो वा नसो.

धागाकर्ता:
हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. नळी किती खोल हवी? आणि आकडा बरोबर आला हे तपासायचं कशावर?

प्रतिसाद:
आतल्या व्यासाच्या निदान सहापट खोल, आणि नळीचा बराचसा भाग रसाच्या पातळीखाली. तोंड एवढं मोठं हवं की पायरोमीटरचा ठिपका कडेला न लागता आत मावेल.

तपासायला तुमचं तांबंच पुरे. भट्टीची आच हळूहळू कमी करा. आकडा उतरत जाईल, गोठायला लागण्याआधी किंचित जास्तच खाली जाईल, मग वर येऊन बराच वेळ एका जागी थांबेल. तो थांबा म्हणजे १०८४.६२ अंश. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापक्रमात चांदीच्या गोठणबिंदूच्या वर, म्हणजे ९६१.७८ अंशांपुढे, तापमान प्लांकच्या प्रारण नियमावरूनच (कुठल्या तापमानाला कुठल्या तरंगलांबीवर किती प्रारण निघतं, ते सांगणारा नियम) ठरतं, आणि त्यासाठी आधार म्हणून चांदी, सोनं किंवा तांबं यांपैकी एकाचा गोठणबिंदू घेतात. एक काळजी मात्र घ्या: रसावर ग्रॅफाइटची पूड पसरून ठेवा. तांब्यात ऑक्सिजन विरघळला तर गोठणबिंदू १०६६ अंशांपर्यंत खाली सरकू शकतो, आणि मग तुम्ही चांगल्या पायरोमीटरला उगाच दोष द्याल.