मेक्सिपेडियम: एका जातीसाठी अख्खी प्रजाती हवी का?

रानवाट
१९८५ मध्ये मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात चुनखडीच्या कोरड्या कड्यावर एक इवलंसं स्लिपर ऑर्किड (चपलेसारख्या पाकळीचं ऑर्किड) सापडलं. फूल पांढरं, दोन सेंटिमीटरच्या आसपास. १९९० मध्ये त्याचं नाव ठेवलं फ्रॅग्मिपेडियम झेरोफायटिकम, म्हणजे ते फ्रॅग्मिपेडियम या प्रजातीत (genus, जवळच्या जातींचा गट) घातलं. १९९२ मध्ये त्याच्या एकट्यासाठी मेक्सिपेडियम ही प्रजाती काढली. १९९४ मध्ये मधोमध घडी पडलेल्या पानांची सगळी स्लिपर ऑर्किडं पॅफिओपेडिलम या आशियातल्या प्रजातीमध्ये घ्यावीत असं सुचवलं गेलं, तेव्हा हेही त्यात गेलं. चार वर्षांत तीन घरं!

माझं मत ठाम आहे: ते फ्रॅग्मिपेडियममध्येच राहायला हवं होतं. डीएनए बघा, सगळ्यात जवळचं नातं त्याच प्रजातीशी निघतं. दोन्ही अमेरिका खंडातली. एकट्या जातीची प्रजाती केली की नावावरून हे कुणाचं कोण, काही कळत नाही.

केसरपाकळी
अजिबात पटलं नाही. अंडाशय आडवा कापा आणि भिंगाखाली धरा. फ्रॅग्मिपेडियममध्ये तीन पडदे मधे येऊन जुळलेले दिसतात, म्हणजे तीन कप्पे. इथे एकच पोकळी, आणि बीजांडं भिंतीलाच चिकटलेली. हा फरक फुलाच्या रंगासारखा वरवरचा नाही.

रानवाट
एक कप्पा पॅफिओपेडिलममध्येही असतो आणि सिप्रिपेडियम या आणखी एका स्लिपर प्रजातीमध्येही. मग हे आशियातल्या पॅफिओपेडिलमचं सख्खं भावंड मानायचं का?

केसरपाकळी
नाही, म्हणूनच तर एका खुणेवर मी थांबत नाही. याचे लांब, सरपटत जाणारे धुमारे बघा, टोकाला पानांचा नवा झुबका फुटतो. आणि डीएनए काय सांगतो? हे फ्रॅग्मिपेडियमच्या सगळ्या जातींची बहीण आहे, त्यांच्यातलीच एक नाही. त्यामुळे आत घ्या किंवा बाहेर ठेवा, वंशवृक्ष कुठेच मोडत नाही. निर्णय शेवटी रचनेवरच करावा लागतो, आणि रचना वेगळी आहे.

कडेकपारी
तुम्ही दोघंही कायद्याची बाजू विसरताय. साइट्स (CITES, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम सरसकट आहेत. हे त्यांतून बाहेर काढलं, म्हणून मेक्सिपेडियम झेरोफायटिकम हे नाव यादीत वेगळं लिहावं लागतं. इतकी दुर्मीळ वनस्पती, तिचं नाव हलवताना याचा विचार आधी व्हायला हवा.

रानवाट
हेच म्हणतोय! शिवाय कड्यावर मोजकी रोपं असताना ओळख पटवायला अंडाशय कापायचा, हे मला सहन होत नाही.

केसरपाकळी
कड्यावरचं फूल कापा असं मी कधीच म्हणणार नाही. हे ऑर्किड आता लागवडीत आहे. कुंडीतल्या, कोमेजत आलेल्या फुलाचा एक पातळ काप पुरतो. तो एकदा स्वतः पाहा, मग फ्रॅग्मिपेडियमचा काप शेजारी ठेवा आणि इथे परत लिहा.