रॅम्प बांधला की मुख्याध्यापकांचं काम संपलं?

शाईपेन:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘दिव्यांग मुलांचं भलं वर्गशिक्षकाच्या तळमळीवर अवलंबून असतं, मुख्याध्यापक फार तर रॅम्प बांधून देईल.’ वाचून डोकं फिरलं. कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलाचा वर्ग वरच्या मजल्यावर कोण ठेवतं? वेळापत्रक कोण लावतं? आमच्या शाळेत विशेष शिक्षिका होत्या. कुणी रजेवर गेलं की बदली तासांच्या वहीत पहिलं नाव त्यांचंच. ज्या मुलांसाठी त्यांना नेमलं, त्यांचे तास बुडायचे आणि वर्षअखेरीस ‘अपेक्षित प्रगती नाही’ हा शेरा मात्र मुलांच्या नावावर. नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी या बाईंना बदली तास देणं बंद केलं आणि वर्गशिक्षकांसोबत पाठ आखायला वेळ राखून दिला. मुलं तीच, शिक्षक तेच, तरी फरक दिसला.

तासिका:
असहमत. मी मुख्याध्यापकाची खुर्ची सांभाळली आहे. नेमणुका वरून, निधी वरून, जाब मात्र आम्हाला. वर्ग मोकळा सोडून मुलं पडली-झडली तर पालक कुणाच्या दारात येतात?

शाईपेन:
सर, वर्ग तळमजल्यावर आणायला कुठला निधी लागतो?

गणितप्रेमी:
विषय निघालाच आहे तर परीक्षेत दिव्यांग मुलांना मिळणारा जादा वेळ आणि लेखनिक यावरही बोला. माझी मुलगी शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होती, तरी पेपर अपुरा राहिला. तिला कोण देणार जादा वेळ? समानता म्हणजे सगळ्यांना एकच घड्याळ.

आईचीबाजू:
ताई, माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना अडचण येते. लेखनिक उत्तर सांगत नाही, मुलगा सांगतो तेच लिहितो. शाळेने अर्ज मुदतीत पाठवला नाही, म्हणून त्याला लेखनिक मिळालाच नाही. घरी घडाघडा सांगितलेली उत्तरं, आणि पेपर अर्धा कोरा. त्या दिवशी कुठे होती तुमची समानता?

गणितप्रेमी:
तुमच्या मुलाबद्दल बोलत नव्हते. खोटी प्रमाणपत्रं आणणाऱ्यांबद्दल बोलत होते.

आईचीबाजू:
मग त्यांना पकडा! प्रत्येक वेळी खऱ्या मुलानेच का सिद्ध करत बसायचं? चष्मा लावणाऱ्याला कुणी विचारतं का, फायदा घेतोस म्हणून?

गणितप्रेमी:
बरं, लेखनिकाचं पटलं. जादा वेळेचं अजूनही पटत नाही.

कानोसा:
मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. ओठ दिसेनासे झाले की माझा धडा तिथेच संपायचा. त्यांना कुणी एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं. सांगायचं काम मुख्याध्यापकांचं नाही तर कुणाचं? वर्गाचं दार किलकिलं करून पाहणारेही तेच होते.

अनुबंध:
म्हणूनच म्हणतो, या मुलांसाठी वेगळ्या शाळाच बऱ्या.

शाईपेन:
इटलीने १९७७ साली कायदा करून वेगळे वर्ग बंद केले. विशेष शिक्षणावरच्या युनेस्कोच्या परिषदेतल्या १९९४ च्या सलामांका जाहीरनाम्यातही सर्वसमावेशक शाळांचाच आग्रह आहे.

अनुबंध:
जाहीरनामे राहू द्या. दिव्यांगांच्या हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं शिक्षणाचं कलम २४ पूर्ण वाचा. त्यात सांकेतिक भाषा शिकण्याची सोय आणि कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख जपण्याचंही म्हटलं आहे. शाळाभर खुणांनी बोलणारं दुसरं कुणी नसेल, तर ते मूल गर्दीत एकटंच.

कानोसा:
हे मात्र खरं आहे. पण मग सांकेतिक भाषा शाळेत आणा ना, मुलाला बाहेर का काढता?

तासिका:
बदली तासांचं मान्य करतो, नाइलाजाने. पण एकाच दिवशी निम्मा स्टाफ रजेवर असेल, तर मी त्या बाईंनाही पाठवणारच.

शाईपेन:
पाठवा. पण बुडालेला तास त्याच वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात भरून द्या. मुलांचे गणिताचे तास बुडाले की तुम्ही जादा तास लावताच ना?