दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सोसायटीत वाचन-कार्यक्रम: तुमच्याकडे काय करतात?

खारूताई
नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या सोसायटीत दीड ते सहा वयाची पंचवीसेक मुलं आहेत. मागच्या १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, कमिटीने क्लबहाउसात कार्यक्रम ठेवला होता. फ्लेक्स, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, सगळं यथासांग. पाहुण्यांनी वाचनाचं महत्त्व पाऊण तास सांगितलं. समोर बसलेल्या निम्म्या मुलांना अजून धड बोलताही येत नव्हतं. एकाने सतरंजीवर शू केली, दोघं झोपली, शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं. पुस्तक एकही उघडलं गेलं नाही.

मी बैठकीत हे बोलले, म्हणून यंदा ते काम माझ्याच गळ्यात पडलंय. इथले बरेचजण बाहेरदेशी असता. तिकडे इतक्या लहान मुलांसाठी काय असतं आणि त्यातलं इथे खरंच चालेल असं काय? बजेट साडेतीन हजार. मराठी पुस्तकं कुठून आणू? शिवाय माझा दीड वर्षाचा भाचा पुस्तक खातो. अक्षरशः. त्याला बोलवायचं की नाही?

पर्थकर
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात मे महिन्यातल्या एका बुधवारी ‘नॅशनल सायमलटेनियस स्टोरीटाइम’ असतो. नाव बोजड, प्रकार सोपा. एक चित्रपुस्तक निवडायचं आणि देशभरातल्या ग्रंथालयांनी, शाळांनी, पाळणाघरांनी ते एकाच वेळी वाचायचं. ग्रंथालयांची संघटना २००१ पासून हे करते. वेळ सिडनीची धरतात, त्यामुळे आम्ही पर्थवाले घड्याळात दोन तास मागे, डोळे चोळत बसलेलो असतो. २०२१ साली एका अंतराळवीर बाईंनी ते पुस्तक थेट आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वाचलं. माझी लेक तेव्हा चार वर्षांची. तिचा प्रश्न एवढाच होता, ‘बाबा, त्यांचं पुस्तक उडून का जात नाही?’

यातलं उचलण्यासारखं काय, तर एकच पुस्तक. आपल्याला वाटतं पोरांना भरपूर दाखवावं. पण त्या दिवशी सगळ्यांनी एकच गोष्ट ऐकलेली असते, त्यामुळे पुढचा आठवडाभर मुलं खेळताना तीच गोष्ट खेळतात.

गोधडी
मी बर्मिंगहॅमची, तेव्हा थोडा भाव खाऊन घेते :-) बुकस्टार्ट १९९२ साली आमच्याच गावात सुरू झालं. पहिल्या खेपेला ३०० बाळं होती. बाळाच्या तपासणीच्या वेळी नर्स आईच्या हातात पुस्तकाची पिशवी द्यायची, सोबत ग्रंथालयाचं निमंत्रण. पुढे ते देशभर झालं आणि जपाननेही २००१ पासून बाळांच्या आरोग्य तपासणीला जोडून घेतलं. कल्पना अशी, की पालक पुस्तकाकडे येत नसतील तर जिथे ते हमखास येतात तिथे पुस्तक न्यावं.

ग्रंथालयात ‘राइम टाइम’ असतो, त्याचा साचा सांगते. अर्धा तास, त्याहून जास्त नाही. सुरुवातीचं आणि निरोपाचं गाणं दर आठवड्याला तेच. मुलं आईबापांच्या मांडीवर. मधे दोनतीन बडबडगीतं, एक छोटं पुस्तक, मग पुस्तकांचा ढीग मोकळा सोडायचा. आईबापांनी मागे बसून फोन बघायचा नाही, त्यांनीही गायचं. खरं शिक्षण त्यांचंच चाललेलं असतं.

एक कळकळीची विनंती. वेशभूषा ठेवू नका. इथे मार्चच्या पहिल्या गुरुवारी वर्ल्ड बुक डे होतो. मुलांना पुस्तकासाठी एक पौंडाचं कुपन मिळतं ते उत्तमच, पण आदल्या रात्री घरोघरी पुठ्ठा, फेविकॉल आणि रडारड. पोशाख लक्षात राहतो, पुस्तक नाही.

स्पष्टवक्ता
सगळं छान आहे, पण हे तिकडचे लाड. आपल्याकडे पोरांना जेवताना मोबाइल लागतो. अर्ध्या तासाच्या गाण्यांनी कोण वाचक होणार?

बालवाडीच्या काकू
स्पष्टवक्ता, मी सांगली जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली. एकदा बसून कुणीच वाचक होत नाही, हे तुमचं खरं. पण तेच पुस्तक दहाव्यांदा वाचताना मी एक शब्द मुद्दाम गाळायचे. सगळा वर्ग ओरडून तो शब्द भरायचा, आणि ज्यांच्या घरी छापील कागद म्हणजे फक्त रेशनकार्ड आणि वाण्याच्या पुड्या, ती पोरंही त्यात असायची. तिथून पुढे त्यांना कळतं, की बाई मनाचं सांगत नाहीत, तिथे काहीतरी लिहिलंय. अक्षरओळख त्यानंतरची.

खारूताई, भाच्याला बोलवाच. दीड वर्षाचं मूल पुस्तक तोंडानेच बघतं. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या आणि चिकटपट्टीचं एक मोठं रीळ. फाटलं म्हणून रागवायचं नाही, त्याच्यासमोर बसून चिकटवायचं. मुलांना तो कार्यक्रम गोष्टीइतकाच आवडतो.

वाचताना पुस्तक आपल्या तोंडासमोर धरू नका. छातीशी, चित्र मुलांकडे. मजकूर आदल्या रात्री पाठ करून ठेवायचा.

ऱ्हाइनकाठी
जर्मनीत २००४ पासून दरवर्षी ‘फोरलेझेटाग’ असतो, म्हणजे मोठ्याने वाचून दाखवण्याचा दिवस. नोव्हेंबरचा तिसरा शुक्रवार. पुढाकार एका साप्ताहिकाचा, वाचनसंस्थेचा आणि रेल्वेच्या प्रतिष्ठानाचा. त्या दिवशी महापौरांपासून शेजारच्या आजोबांपर्यंत कुणीही जाऊन मुलांना वाचून दाखवतं. अग्निशमन केंद्रात, संग्रहालयात, कुठेही.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या बालवाडीने मला मराठीत वाचायला बोलावलं. मी म्हटलं, अहो, कुणाला कळणार? चिऊकाऊची गोष्ट चित्रं काढून नेली. काऊ दार ठोठावतो तिथे मी जमिनीवर मुठी आपटल्या. तिसऱ्या वेळेला वीस जर्मन पोरं ‘थांब, माझ्या बाळाला’ असं काहीतरी बोबडं बोलत होती. माझा मुलगा, जो इतके दिवस मला शाळेच्या दारात मराठी बोलू देत नव्हता, तो त्यांचे उच्चार सुधारत होता.

थोडक्यात, तुमच्या पाहुण्यांना भाषण देऊ नका, पुस्तक द्या.

खारूताई
ऱ्हाइनकाठी, हे भारी आहे! पुस्तकांचं कुणी सांगेल का?

सदाशिवपेठी
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट आहेत. खुला परवाना आहे, त्यामुळे डाउनलोड करा, छापा, वाटा, हरकत नाही. चार पातळ्या आहेत. तुम्ही पहिलीतलीच घ्या, पानाला एखादी ओळ असलेली. त्यांचाच ‘वन डे वन स्टोरी’ हा उपक्रम २०१२ पासून ८ सप्टेंबरच्या, साक्षरता दिनाच्या सुमारास चालतो. एक गोष्ट आणि देशभर स्वयंसेवक आपापल्या भाषेत वाचतात. पर्थकरांनी सांगितलं त्याचं आपलं भावंड म्हणा. पुठ्ठ्याची दोनचार मात्र विकत घ्या, घरी छापलेलं भाच्यापुढे टिकणार नाही.

आणि नाशिककरांनी पुस्तकं कुठून आणू म्हणून विचारावं? कुसुमाग्रज प्रतिष्ठानचं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ २००९ पासून तुमच्याच शहरातून चालतंय. त्यांच्या ग्रंथपेट्या दुबईपर्यंत पोचल्या. आधी तिथे चौकशी करा.

टेनेसीचा पाहुणा
इथे गायिका डॉली पार्टन यांनी १९९५ साली आपल्या सेव्हियर काउंटीपुरती ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ सुरू केली. त्यांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जन्मापासून पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाला दर महिन्याला टपालाने एक पुस्तक, फुकट. आता कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातही आहे. पाकिटावर मुलाचं नाव असतं. आमची धाकटी पेटीतून पाकीट काढते आणि कुणाला हात लावू देत नाही. तुमच्याकडे महिन्याला नवं पुस्तक शक्य नसेल, पण प्रत्येक मुलाच्या नावाची कापडी पिशवी करा आणि आठवड्याला पुस्तकं फिरवा.

स्पष्टवक्ता
काकूंचं गाळलेल्या शब्दाचं काल रात्री नातवावर करून पाहिलं. मी चुकीचा शब्द घातला तर मला मारलंन. माघार घेतो.

खारूताई
सगळ्यांचे आभार. कमिटीशी बोलले. फ्लेक्स आणि प्रमाणपत्रं रद्द. १५ ऑक्टोबरची वाट न बघता येत्या शनिवारपासून सुरू, संध्याकाळी साडेपाच ते सहा. एकच पुस्तक तीन शनिवार. पिशव्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जुन्या साड्यांच्या शिवून देताहेत, नावं मुलांचे बाबा रंगवणार. त्यामुळे पैसे जवळजवळ सगळे पुठ्ठ्याच्या पुस्तकांना.

मागच्या वर्षीचे पाहुणे १५ ऑक्टोबरला परत येणार, ते काही टळत नाही. त्यांना फोन करून सांगितलं, की यंदा भाषण नाही, बोक्याची गोष्ट वाचायची आहे. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, आवाज काढायचा का?

आता अडचण अशी, की गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. खुर्ची दिली तर पुन्हा व्यासपीठ होतं. काय करू?

बालवाडीच्या काकू
पाट चालणार नाही, उठता येणार नाही त्यांना. बुटकं स्टूल द्या. आणि आवाज काढायचाच म्हणावं.