रबर कंपाऊंडचा (मिश्रणाचा) फॉर्म्युला एआयमध्ये टाकला गेलाय, आता काय करायचं?

सीलवाला_भोसरी
नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं रबर पार्ट्सचं छोटं युनिट आहे. एका ऑइल सीलचा कॉम्प्रेशन सेट (दाबल्यावर रबर पूर्ववत न होता चपटं राहणं) काही केल्या जास्तच येत होता, तर लॅबमधल्या पोराने अख्खी फॉर्म्युलेशन शीट, सल्फर किती, त्याची क्रिया वेगात करणारा अ‍ॅक्सिलरेटर कुठला, क्युअरिंगचं (रबर तापवून पक्कं करायचं) टेंपरेचर, सगळं एका फुकटवाल्या एआय चॅटमध्ये टाकून विचारलं. वडिलांनी कितीतरी बॅचेस फेकून देत बसवलेला फॉर्म्युला आहे तो, ऑर्डरी त्याच्यावरच येतात. गेला का हातातून? पेटंट घेऊन टाकू का?

वकील_पुणे
लगेच कुणाच्या स्क्रीनवर तुमची शीट उमटेल असं नाही होत. आधी त्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये चॅट ट्रेनिंगला वापरायची परवानगी बंद करा, चॅट डिलीट करा. पेटंटची घाई नको, त्यात सगळं उघड लिहून द्यावं लागतं आणि 20 वर्षांनी ते कुणीही वापरू शकतं.
आपल्याकडे ट्रेड सीक्रेटचा, म्हणजे धंद्यातल्या गुपिताचा, वेगळा कायदा नाही, लॉ कमिशनने मार्च 2024 मध्ये 289व्या अहवालात मसुदा दिलाय तेवढाच. तोवर 1872 चा करार कायदा आणि कोर्टाचे निकाल यावरच भागवायचं, आणि कोर्ट पहिलं हेच विचारणार की गुपित राखायला तुम्ही स्वतः काय केलंत. म्हणून सगळ्या स्टाफशी गोपनीयतेचा करार करा, त्यात एआयचं नाव घेऊन लिहा. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या रबर कंपनीत जायचं नाही असलं कलम मात्र घालू नका, करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते टिकत नाही.

मिलवरचा_माणूस
पोरावर राग काढू नका हो, 2023 मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी सोर्स कोड असाच चॅटजीपीटीत टाकला होता, मग कंपनीने बंदी घातली. मला बंदी पटत नाही, पोरं स्वतःच्या मोबाईलवरून करतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा मटेरियलला कोड द्या, मिलवरच्या (रबर मिसळायच्या मशीनवरच्या) माणसाला कोड आणि वजन एवढंच कळलं पाहिजे. एआयला विचारायचंच तर "एनबीआर, 70 हार्डनेस, सल्फर क्युअर, सेट जास्त येतोय" (एनबीआर म्हणजे तेलाला टिकणारं नायट्राइल रबर) एवढं बास आहे. उत्तर तेच येणार, सल्फर कमी करा, अ‍ॅक्सिलरेटर वाढवा, नाहीतर सल्फरऐवजी पेरॉक्साइडवर जा. त्यासाठी तुमचे आकडे कशाला द्यायचे? आणि तयार सील लॅबला देऊन पॉलिमर कुठला, कार्बन ब्लॅक किती हे कुणालाही काढता येतं, मिक्सिंगचा क्रम काढणं अवघड, तो जास्त जपा.

सीलवाला_भोसरी
खूप आधार वाटला. पण आता लक्षात येतंय की मिक्सिंग आम्ही बाहेर जॉबवर्कला देतो, त्यांच्याकडे पूर्ण शीट आहे आणि करार वगैरे काही नाही.

मिलवरचा_माणूस
मग ते आधी बघा, एआयचं नंतर. त्यांच्याकडून फक्त मास्टरबॅच (सल्फर-अ‍ॅक्सिलरेटर सोडून बाकीचं मिश्रण) करून घ्या, सल्फर आणि अ‍ॅक्सिलरेटर तुमच्या मिलवर घाला. आमच्याकडे असंच चालतं.

वकील_पुणे
आणि पुढचा लॉट द्यायच्या आधी त्यांची करारावर सही घ्या, जुनी शीट परत मागा.