बायकांचं बार्बरशॉप क्वार्टेट: चौकडी, चौघी की चतुष्टय?

आंबेमोहोर
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलेय. विषय इथल्या अमेरिकन बायकांचं बार्बरशॉप गाणं. चौघी जणी, साथीला एकही वाद्य नाही. लीड मूळ चाल गाते, टेनर तिच्या वर, बेस तळाशी, आणि बॅरिटोन उरलेला सूर भरते, कधी लीडच्या वर तर कधी खाली. या गायिका शनिवार-रविवार धरून एखाद्या हॉटेलात जमतात. डझनभर गाणी प्रत्येकीने घरून पाठ करून आणलेली असतात. तिथे चिठ्ठ्या काढून गट पडतात आणि एकमेकींना कधी न भेटलेल्या चौघी पिच पाइपवर सूर घेऊन थेट गायला लागतात. अशा जमण्याला 'ब्रिगेड' म्हणतात. आपल्याकडे ब्रिगेड म्हटलं की राजकीय संघटनाच डोळ्यांपुढे येते, म्हणून 'मेळावा' लिहिलं, पण त्यात चिठ्ठ्यांची गंमत येत नाही.
खरी अडचण क्वार्टेटची. मी 'चौकडी' लिहिलं, संपादकांनी 'चांडाळचौकडी आठवते' म्हणून खोडलं आणि 'गानचतुष्टय' घातलं. आणि आवाजाच्या टप्प्याला 'बायकांची पट्टी' म्हटलेलं चालेल का?

खर्जपंचम
चौकडीत वाईट काय आहे? चार युगांचीसुद्धा चौकडीच होते. चतुष्क, चौक, चौकडी असा सरळ प्रवास आहे. 'चांडाळ' वेगळं जोडावं लागतं, याचाच अर्थ नुसती चौकडी निर्दोष. चतुष्टय परीक्षेच्या पेपरात शोभेल.

सासवडकर
व्युत्पत्ती मान्य, पण शब्द कानावर कसा पडतो तेही बघा. आमच्याकडे चौकडी म्हणजे पारावर बसून गावाच्या उचापती करणारे. गाणाऱ्या बायकांना ते नाव देऊ नये. 'चौघी' काय वाईट आहे? शान्ता शेळक्यांनी 'चौघीजणी' केलं, ते किती सहज रुळलं.

पुस्तकवेडी
दादा, 'चौघी' संख्या सांगतं, संच सांगत नाही. 'त्या चौकडीला पदक मिळालं' म्हणता येतं. 'तीन चौघी स्पर्धेत उतरल्या' म्हटलं तर तीन की चार, कोण सांगणार?

काळी चार
ताई, 'पट्टी' नको. पट्टी म्हणजे षड्ज कुठे धरला ते. पुरुष पेटीच्या काळी एकला गातात, आम्ही काळी चारला, पण त्या पट्टीत गाणारी एकटी असते. तुमच्या चौघींची पट्टी एकच, आवाजाचा पल्ला प्रत्येकीचा वेगळा. म्हणून 'पल्ला' किंवा 'आवाका' म्हणा. पुरुषांसाठी बसवलेलं गाणं बायकांसाठी करताना साधारण चार-पाच सुरांनी वर चढवतात ना? काळी एक आणि काळी चार यांतही पंचमाचंच अंतर आहे.

आंबेमोहोर
हो, साधारण तितकंच चढवतात. तरी बेसवालीला मधल्या सीच्या खाली सहा-सात सूर उतरावं लागतं. शिवाय टेनर, बॅरिटोन ही पुरुषी आवाजांची नावं बायकांतही तशीच चालतात. 'टेनर गाणारी बाई' लिहिलं की संपादक पुन्हा खोडतील.

सासवडकर
त्यांना गंगूबाई हनगल ऐकवा. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज इतका ढाला झाला की नवख्याला पुरुष गातोय असंच वाटे. सुराला बाई-पुरुष नसतो.

आंबेमोहोर
काका, एक प्रसंग सांगते. शेजारीण मला अशा मेळाव्याला घेऊन गेली होती. चौघी जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या, कारण तिथे आवाज घुमतो. एकमेकींच्या ओठांकडे बघत शेवटची ओळ गायल्या. त्या ओळीला 'टॅग' म्हणतात. लीडने एक सूर लांबवून धरला, बाकीच्या तिघी त्याच्याभोवती सरकल्या, आणि वरती पाचवा सूर ऐकू आला. तो कुणीच गात नव्हतं. ते याला 'रिंग' म्हणतात.

खर्जपंचम
अहो, हा तर तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार! खर्जाची तार नीट लागली की गंधार आपोआप बोलतो, तेच तत्त्व. यांचा आवडता स्वरमेळ कंपनांच्या ४:५:६:७ या प्रमाणात लागतो. त्यातला कोमल निषाद पेटीतल्या निषादापेक्षा तीसेक सेंट (पेटीतल्या दोन लगतच्या सुरांत शंभर सेंट) उतरलेला असतो, म्हणून पेटी जवळ ठेवून हे गाणं साधत नाही. लेखात 'रिंग' नको, 'स्वयंभू स्वर' लिहा. शब्द आपल्या घरात तयार आहे.

पुस्तकवेडी
हे छान. पण 'बार्बरशॉप'चं 'केशकर्तनालयी गायन' कुणी करू नका, हात जोडते. शब्द तसाच ठेवा आणि इतिहास सांगा. एकोणिसाव्या शतकात काळे तरुण न्हाव्याच्या दुकानात, नाक्यावर असे सूर जुळवत. लहानपणी लुई आर्मस्ट्राँगही न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर अशाच गटात गायचा. पुढे गोऱ्यांच्या संस्था झाल्या आणि काळ्यांनाच दार बंद झालं. बायकांची 'स्वीट अ‍ॅडलाइन्स' १९४५ साली टल्सात निघाली. तिनेही सभासदत्व गोऱ्यांपुरतं ठेवलं, तेव्हा काही गट फुटले आणि १९५९ मध्ये 'हार्मनी इन्कॉर्पोरेटेड' उभी राहिली. स्वीट अ‍ॅडलाइन्सने ती अट १९६६ मध्ये काढली. हे गाळून नुसती गंमत छापू नका.

आंबेमोहोर
घालते, नक्की. एक परिच्छेद वाढेल, वाढू दे.

नगरी
उशिरा आलो. इतके शब्द शोधताय, मग आपले झीलकरी का आठवले नाहीत? पोवाड्यात शाहिराच्या मागे सुरते सूर धरतात, 'जी जी जी' करतात. लीड म्हणजे शाहीर, बाकीच्या तिघी झीलकरणी. टॅगला 'झील' म्हणा.

काळी चार
नाही पटत. झीलकरी शाहिराचे शब्द उचलतात, त्याच्यामागून येतात. इथे चौघी एकाच क्षणी चार निरनिराळे सूर लावतात आणि लीड बऱ्याचदा आवाजांच्या मधोमध असते. झील म्हटलं की बाकीच्या तिघी दुय्यम ठरतात, आणि बेस दुय्यम ठरली तर सगळा डोलारा कोसळेल.

नगरी
झील दुय्यम असते हे कुणी सांगितलं? आमच्या गावच्या गोंधळात संबळाच्या ठेक्यावर झीलवाला कधी कधी मुख्य गोंधळ्याच्या वर जातो, तेव्हा लोक त्याच्याचकडे बघतात.

आंबेमोहोर
मंडळी, शुक्रवारी मजकूर द्यायचाय. चौकडी ठेवू की नको?

सासवडकर
नगरी, झीलवाला वर जातो तो षड्जावर जातो की पंचमावर? आमच्याकडे पंचम धरतात.