शनिवारी ३०० आहे आणि कंट्रोलवर बसायला माणूस नाही. मदत हवी आहे

मिरजेची_चेन (धागाकर्ता) · बुधवार, रात्री ११.४०

शनिवारी ३०० किमीची सायकल राइड आहे आणि आज एका दिवसात तीन व्हॉलंटियर गळाले. "सॉरी दादा, जमणार नाही." तिघांचाही मेसेज जवळपास सारखाच. फी घेऊन झालीय, शिक्के मारायची ब्रेव्हे कार्डं छापून आलीत, रद्द करता येत नाही. नागजच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या शिक्क्याच्या थांब्यावर, आता कोणीच नाही आणि फिनिशचाही प्रश्न आहे. क्लब आमचा पूर्ण हौशी. पगारी कोणी नाही, सगळं मी आणि दोघंतिघं बघतो. तुमच्याकडे ऐनवेळी माणसं कशी उभी करता? कृपया "आधी नियोजन करायला हवं होतं" हे सांगू नका, तेवढं मला कळतं.

रोज_सिंहगड · बुधवार, रात्री ११.५२

आधी नियोजन करायला हवं होतं. :-) (ह. घ्या.)

३०० म्हणजे बीआरएम, ठरलेल्या वेळेत पुरी करायची ब्रेव्हे, की क्लबची आपली आपली राइड? रायडर किती? कंट्रोल किती? आणि हे नागज कुठे आलं? आमच्याकडे पुण्यात कंट्रोलची हॉटेलं वर्षानुवर्षं ठरलेली आहेत, मालकच शिक्का मारतो.

रंकाळा_एक्सप्रेस · गुरुवार, सकाळी ६.१०

नागज माहीत न्हाई म्हणजे पुण्याचंच पाव्हणं. मिरज-सोलापूर रस्ता, कवठेमहांकाळच्या म्होरं. भावा, मी आलो असतो, पण शनिवारी घरात लगीन हाय. माझंच न्हाई, भाच्याचं.

पंक्चरसम्राट · गुरुवार, सकाळी ७.०५

माणूस हवाच कशाला? एटीएमची पावती घ्यायला सांगा. तारीख, वेळ, ठिकाण सगळं छापून येतं. आम्ही तीन मोसम असंच चालवतोय, एकही व्हॉलंटियर लागत नाही. रायडरने पावती कार्डाला स्टेपल करायची, विषय संपला.

नवखा_०७ · गुरुवार, सकाळी ७.३०

नमस्कार, धागा छान आहे. माझं बजेट ४० हजार, उंची ५ फूट ६. हायब्रिड घ्यावी की रोड बाइक?

कॅडेन्स८५ · गुरुवार, सकाळी ८.१५

@पंक्चरसम्राट, आडगावातल्या एटीएममधून पावती निघाली तर ते यंत्र मला दाखवायला न्या. एकतर "आउट ऑफ सर्व्हिस", नाहीतर कागद संपलेला. दरवेळी रायडर पंधरा मिनिटं घालवतो आणि शेवटी शेजारच्या टपरीवाल्याकडून वहीच्या चिठोऱ्यावर वेळ लिहून आणतो.

मिरजेची_चेन · गुरुवार, सकाळी ९.४०

बीआरएमच आहे हो, ३०० म्हटल्यावर अजून काय असणार. सकाळी ६ ला सांगलीहून सुटायचं, मंगळवेढ्याच्या पुढे १५० ला वळायचं, त्याच रस्त्याने परत. नागज जाताना ६० ला आणि येताना २४० ला. जातानाचं जमतंय, एक शिक्षक आहेत तिथले, ते दहापर्यंत बसतात. येतानाचा प्रश्न आहे. ४१ रायडर. आता तरी उत्तर द्या कोणीतरी.

हिशेबनीस · गुरुवार, सकाळी १०.२०

मग एवढं तरी समोर ठेवा. २४० चा कंट्रोल उघडतो दुपारी १.०८ ला (पहिले २०० ताशी ३४ ने, पुढचे ४० ताशी ३२ ने) आणि बंद होतो रात्री १० ला (ताशी १५). कागदावर जवळपास नऊ तास. तुम्ही व्हॉलंटियरला "दुपारी एक ते रात्री दहा" असं सांगितलं असेल तर तो पळणारच. पण खरं सांगा, तुमच्या ४१ मध्ये ताशी ३४ ने जाणारं कोण आहे? परतताना नागजला पहिला माणूस साडेतीनच्या आधी दिसणार नाही, आणि तोही चांगला दमदार असेल तर. मोठा घोळका सहा ते आठ. म्हणजे ३ ते ६.३० आणि ६.३० ते १० अशा दोन पाळ्या करा. साडेतीन तासांसाठी माणूस मिळतो, नऊसाठी मिळत नाही.

लेस्टरवासी · गुरुवार, दुपारी १.३०

इंग्लंडमध्ये ऑडॅक्सला (तिथली ब्रेव्हे) "माहिती कंट्रोल" असतो. कार्डावर एक प्रश्न छापलेला असतो, समजा, चर्चसमोरच्या पाटीवर कुठलं साल लिहिलंय? तिथे थांबून बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ना माणूस, ना शिक्का, ना पावती. पावसात पेन चालत नाही एवढाच त्रास. मी स्वतः पेन्सिल ठेवतो.

रंकाळा_एक्सप्रेस · गुरुवार, दुपारी १.४४

आमच्याकडं चौकातली पाटी वाचाय गेलं तर त्यावर दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. शुक्रवारी एक दादा, शनिवारी दुसरा. कार्ड तपासणाऱ्यानं करायचं काय?

गोदाकाठ · गुरुवार, दुपारी २.१५

एक गाडी मागे फिरती ठेवा, तीच शिक्के मारेल आणि कोणी थकला तर उचलेल. आमच्या नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडायची रॅम शर्यत पूर्ण केली तीसुद्धा क्रूच्या जोरावरच. चांगला क्रू असेल तर काहीही होतं.

रोज_सिंहगड · गुरुवार, दुपारी २.३१

असहमत. महाजन बंधूंबद्दल आदर आहेच, पण रॅम ही शर्यत आहे आणि ती क्रूसकटच करतात. ब्रेव्हेत मदतीची गाडी रायडरला फक्त कंट्रोलवर भेटू शकते, मध्ये रस्त्यात नाही. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, भूक लागली तर स्वतः शोधायचं. फिरती गाडी ठेवलीत तर निम्मे रायडर तिच्या दिव्याच्या उजेडात सायकल चालवतील.

गोदाकाठ · गुरुवार, दुपारी २.४०

म्हणजे माणूस पडला तरी गाडी नको?

रोज_सिंहगड · गुरुवार, दुपारी २.४३

पडला तर हवी. नुसता थकला तर नको. उगाच शब्दात पकडू नका.

अॅड_सायकलप्रेमी · गुरुवार, दुपारी ३.२०

मूळ प्रश्न वेगळाच आहे. आपला क्लब नोंदणीकृत आहे का? नसल्यास फी कोणाच्या खात्यात जमा होते? किमान सात सदस्य घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा, सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे. घटना, उद्देश, कार्यकारिणीचा ठराव. मग बँक खाते. उद्या अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला आहे का?

रंकाळा_एक्सप्रेस · गुरुवार, दुपारी ३.२५

वकीलसाहेब, शनिवार परवा हाय.

रांबुइए_रिटर्न · गुरुवार, संध्याकाळी ५.५०

व्हॉलंटियर म्हणजे काय ते बघायचं असेल तर फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ब्रेव्हेला जा. २०२३ ला मी व्हिलेन-ला-ज्युएलला पोचलो तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आला, माझ्या हातातला जेवणाचा ट्रे घेतला, टेबलापर्यंत नेऊन ठेवला आणि पळाला दुसऱ्याचा घ्यायला. १२०० किलोमीटर, ९० तास, रात्री दोन वाजताही ब्रिटनीत घराबाहेर टेबल मांडून कॉफी देणाऱ्या आज्या. आपल्याकडे ही संस्कृतीच नाही.

कॅडेन्स८५ · गुरुवार, संध्याकाळी ६.०५

यांना कवठेमहांकाळचा रस्ता विचारा, ते पॅरिसवरून सांगतील. आणि संस्कृती नाही कसली? आषाढीला ह्याच पट्ट्यात अनोळखी माणसाच्या पायाला तेल लावून देतात. सायकलवाल्यांसाठी कोणी बसत नाही, कारण आपण त्यांना कधी सांगायलाच गेलो नाही.

ज्यांना एटीएम आणि पाट्या सुचतायत त्यांच्यासाठी. मी त्याच रस्त्यावर ३०० केलीय. २४० ला अंधार पडलेला असतो. सांगोल्यापासून वारा तोंडावर असला तर पाय संपलेले. पुढे मिरजेपर्यंत उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाहेर लोंबतोय आणि स्पीकर इतका मोठा की तुमची घंटा काय, हॉर्नही त्याला ऐकू जात नाही. अशा वेळी नागजला कोणीतरी खुर्ची टाकून बसलेलं असणं, तुमचं नाव घेऊन "पुढे दोघं आत्ताच गेलेत, त्यांना गाठा" म्हणणं, ह्याचं काम शिक्क्याइतकंच आहे. बाईमाणसाला तर जास्तच. टपरीवर रात्री नऊला एकटीने पाणी मागायला गेलं की सगळी बाकं वळून बघतात.

@चेन, एक विचारू? तिघांनी एकाच दिवशी का सोडलं?

पंक्चरसम्राट · गुरुवार, संध्याकाळी ६.२०

सगळं मान्य, पण माणूस असला तरी फसवणारे फसवतातच. आमच्या एका ४०० ला एक महाशय सायकल छोट्या टेम्पोत टाकून आले आणि कंट्रोलच्या अलीकडे दोनशे मीटरवर उतरले. कपाळावर घामाचा थेंब नाही. सापडले कसे? बाटली सुटताना भरली होती तशीच गच्च होती.

हिशेबनीस · गुरुवार, संध्याकाळी ६.४५

धागाकर्ते गप्प आहेत. माझाही एक प्रश्न. शनिवारी तुम्ही स्वतः कुठे असणार?

मिरजेची_चेन · गुरुवार, रात्री ८.१०

मी राइड करतोय. २०० झालीय, ३०० आमच्याकडे मोसमात एकच होते. ती गेली की एसआर (एकाच मोसमात २००, ३००, ४००, ६००) गेली. गेली दोन वर्षं मी फक्त आयोजन केलंय, एकदाही चालवली नाही. एवढा तरी हक्क आहे की नाही?

तिघांनी का सोडलं मला खरंच माहीत नाही. मी सोमवारी ड्यूटीचा तक्ता ग्रुपवर टाकला, दोन दिवस कोणी काही बोललं नाही, आणि मग एकदम हे.

रोज_सिंहगड · गुरुवार, रात्री ८.२२

विचारून टाकलात की टाकून विचारलंत?

गोदाकाठ · गुरुवार, रात्री ८.३०

आयोजकाने आपल्याच ब्रेव्हेत उतरू नये, हे माझं स्पष्ट मत. फोन कोण घेणार? ब्रेव्हे कार्डावर नंबर कोणाचा छापलाय?

मिरजेची_चेन · गुरुवार, रात्री ८.३४

माझाच.

एक_शिक्का · गुरुवार, रात्री १०.५५

ह्या धाग्याची लिंक मला मैत्रिणीने पाठवली. लिहिणार नव्हते. मी त्या तिघांपैकी एक.

दादा, गेल्या मोसमातल्या ३०० ला नागजला मीच होते. एकटी, दुपारी दीडपासून. ३१ रायडर होते, रात्री ८.५० पर्यंत २९ येऊन गेले. दोन राहिले होते. साडेनऊला हॉटेलवाल्याने बाकं उलटी करून ठेवली, दहाला दिवे घालवले. मी शेजारच्या पंपाच्या उजेडात पेटी मांडीवर घेऊन बसले. कटऑफ दहाचा आहे हे मला माहीत होतं, पण वाटलं, कोणी पंक्चर काढत असेल, दहा मिनिटांनी येईल, इथे कोणीच दिसलं नाही तर त्याला काय वाटेल. साडेदहापर्यंत थांबले. तुम्हाला तीनदा फोन केला, बिझी होता. मग स्कूटीवर मिरजेला, पन्नासेक किलोमीटर. वाटेतल्या ट्रॅक्टरांचं वर लिहिलंच आहे कोणीतरी.

ते दोघं मंगळवेढ्यातच राइड सोडून एसटीने घरी गेले होते. साडेचारलाच तुम्हाला कळवलं होतं त्यांनी. मला हे दुसऱ्या दिवशी फोटोंखालच्या कमेंटमध्ये कळलं.

त्यानंतर मी ग्रुपवर लिहिलं होतं की नागजला रात्री दोन माणसं ठेवा. तुम्ही अंगठा दिलात. सोमवारच्या तक्त्यात परत माझं नाव, परत एकटीचं, दुपारी १ ते रात्री १०. विचारलंत कधी? बाकी दोघांनी मला साथ म्हणून ड्यूटी सोडली, त्यांचा काही राग नाही.

रंकाळा_एक्सप्रेस · गुरुवार, रात्री ११.०२

ताई, एक नंबर. आता आमी गप बसतो.

मिरजेची_चेन · गुरुवार, रात्री ११.४८

त्या दोघांचा फोन मी घेतला होता, आठवतंय. त्या वेळी फिनिशची मेडलं मोजत होतो. तुला कळवायचं डोक्यातच आलं नाही. तू बसली आहेस हे मी धरूनच चाललो होतो. चूक झाली. उद्या सकाळी फोन करू का?

एक_शिक्का · शुक्रवार, सकाळी ६.४०

फोन नको. ग्रुपवर लिहा. तक्ता जिथे टाकलात तिथेच.

हिशेबनीस · शुक्रवार, सकाळी ७.१५

आणि हे आजच करा: व्हॉलंटियरांचा वेगळा ग्रुप. कार्डावर एक नंबर, तो न चालवणाऱ्या माणसाचा. राइड कोणी सोडली की पाच मिनिटांत त्या ग्रुपवर रायडरचा क्रमांक. प्रत्येक कंट्रोलवर यादी, आलेल्याला टिक, सोडलेल्याला फुली. ४१ ची बेरीज झाली की माणूस घरी. पुढच्या मोसमापासून फॉर्ममध्येच घाला की एसआर हवी असेल त्याने एकदा कंट्रोलवर बसायचं.

रांबुइए_रिटर्न · शुक्रवार, सकाळी ७.४०

सक्ती केली की तो व्हॉलंटियर राहत नाही.

कॅडेन्स८५ · शुक्रवार, सकाळी ७.४३

तुम्ही किती कंट्रोलवर बसलात आजवर?

मिरजेची_चेन · शुक्रवार, दुपारी १२.२०

ग्रुपवर लिहिलं, माझ्या नावाने, काय झालं ते सगळं. राइडमधून माझं नाव काढलं. फोन माझ्याकडेच, पण एका जागी बसून. नागजला ३ ते ६.३० गावातले शिक्षक आणि त्यांचा पुतण्या, ६.३० ते १० मी आणि कवठ्याचा एक मित्र. ती येते म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. फिनिशला रात्री २ पर्यंत अजून एक जण हवा आहे, एकट्याला ठेवणार नाही. कोणी सांगलीजवळचं असेल तर कळवा, लगेच.

नवखा_०७ · शुक्रवार, दुपारी १२.५५

सायकल अजून घेतलेली नाही, पण मी सांगलीतच असतो आणि रात्रपाळीची सवय आहे. येतो. फिनिश कुठे आहे? वरपासून खालपर्यंत वाचलं, कुठेच लिहिलेलं नाही.